तात्यासाहेबांना मोकळं करा

दरवर्षी सतरा सप्टेंबरला कॉलनीत झेंडावंदन व्हायचं, मुक्तिसंग्रामाबद्दल कुणीतरी चार शब्द बोलायचं, जिलेबी वाटली जायची आणि मग तात्यासाहेब बागेच्या कामातून निवृत्त व्हायचे. हा क्रम इतका ठरून गेला होता, की लोक जिलेबीचे हात पुसता पुसताच त्यांना 'छे छे' म्हणायच्या तयारीला लागत.

तात्यासाहेब उभे राहत, घसा साफ करत आणि म्हणत, "आता वय झालं. मला मोकळं करा. कुणीतरी तरुण माणूस बघा." लोक म्हणत, असं कसं, तात्यासाहेब. तात्यासाहेब मान हलवीत. मग कुणीतरी जाणतं माणूस उठून म्हणे, की बाग म्हणजे तुम्ही आणि तुम्ही म्हणजे बाग. तात्यासाहेब पुन्हा मान हलवीत, या वेळी जरा हळू. तिसऱ्यांदा सगळी सभा एका सुरात बोलू लागली, की ते दोन्ही हात वर करून म्हणत, "तुमचा एवढाच आग्रह असेल, तर बघतो अजून एक वर्ष." टाळ्या होत. दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर बागेत हजर असत.

यात त्यांचा काही डाव होता, असं म्हणणं अन्याय होईल. त्यांचं वळणच तसं होतं. पैठणकडच्या एका गावातली त्यांची देशमुखी. पोलीस ॲक्शननंतर देशमुखी गेली, पुढं कूळकायद्यात जमिनी गेल्या, दारातली घोडी गेली. आग्रह तेवढा राहिला. त्या घरात तीनदा विचारल्याशिवाय जो दुसरी पोळी घेई, त्याला हावरट म्हणत. पान, सुपारी, पाट, पंक्तीतली जागा, सगळं आधी दोनदा नाकारायचं आणि मग उपकार केल्यासारखं घ्यायचं. तात्यासाहेबांच्या आजोबांनी सरपंचपदाला दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा विचारायला कुणी आलंच नाही. आजोबा मरेपर्यंत गावाशी धड बोलले नाहीत.

अशा घरातल्या माणसाची बायको मात्र करमाडकडची होती. चतुराबाईंचं माहेर शेतकऱ्याचं, राबत्या घराचं. तिथं आल्यागेल्याला एकदा विचारत, जेवता का. हो म्हटलं तर ताट, नाही म्हटलं तर भाकरी परत टोपल्यात. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात जावईबापू सासरी गेले, दुसरी पोळी नको म्हणाले आणि सासूनं खरंच वाढली नाही. बिचारे पाणी पिऊन झोपले. चतुराबाईंना त्यात काही चुकलं, असं आजही वाटत नव्हतं. भूक असली, की माणूस भूक आहे असं म्हणतो, अशी त्यांची साधी समजूत होती.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर तात्यासाहेबांनी कॉलनीतल्या मोकळ्या जागेत हात घातला. क्रांती चौकातून आत वळलं, की पुढं ही कॉलनी. मध्ये गाजरगवत, विटांचे तुकडे आणि कुणाच्या तरी म्हशी. त्यांनी म्हशी हाकलल्या, विटा वेचल्या, आळी केली. शहरात नळाला पाणी येणार ते किती दिवसांनी, हे देवाला ठाऊक, म्हणून त्यांनी घरोघर सांगून ठेवलं, की भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत भरून सकाळी फाटकापाशी ठेवा. रोज सकाळी ते हातगाडी घेऊन बादल्या गोळा करत. कुणाच्या बादलीत साबण आढळला, तर दारात उभं राहून त्या घराचा उद्धार करत. त्या पाण्यावर जास्वंद, तगर, बकुळ, मोगरा आणि कोपऱ्यातलं सीताफळ जगलं, नुसतं जगलं नाही, तर भर उन्हाळ्यात हिरवं राहिलं. लोक संध्याकाळी तिथं बसू लागले.

लोक बसू लागले, हेच तात्यासाहेबांना फारसं आवडत नव्हतं. मुलं फांदीला लोंबकळत, पुरुष कडुनिंबाखाली स्कूटर लावत, आणि साळूबाई पहाटे पिशवी भरून फुलं नेई. साळूबाई म्हणजे शेवटच्या घरातली विधवा बाई, घरात देव भरपूर. तात्यासाहेब आणि साळूबाई यांच्यातली लढाई कॉलनीत सगळ्यांना माहीत होती. तात्यासाहेबांनी तिला एकदा पाइपानं भिजवलंही होतं.

एवढा तापट माणूस झाडाशी मात्र हळू बोले. मोगऱ्याला कळी धरली, की दिवसभर घरात गुणगुणे. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतांना पाणी सोडण्याच्या फायली हलवण्यात गेलं. स्वतःच्या हातानं पाणी घातलेली ही पहिली जमीन होती. ती सोडायची कल्पनाही त्यांना सहन होत नसे. म्हणून तर दरवर्षी ते निवृत्त होत. वर्षातून एकदा लोकांच्या तोंडून नको, जाऊ नका, असं ऐकलं, की पुढचं वर्ष सुखात जाई.

पण हे घरी सांगणार कसं? करमाडजवळ त्यांचं थोडं शेत होतं. नोकरीत असतानाच तिथं दोन खोल्या बांधल्या होत्या आणि म्हातारपणी तिथं जाऊन राहायचं, असं चतुराबाईंना कबूल केलं होतं. आपल्याला बायकोपेक्षा जास्वंदीत जास्त करमतं, असं काही माणूस बायकोला सांगत नाही. म्हणून सभेहून आले, की टोपी खुंटीला लावत ते सुस्कारा टाकत आणि म्हणत, काय करणार, लोक सोडत नाहीत, मला तर कधीचं करमाडला जायचंय. चतुराबाई म्हणत, व्हय का. आणि करमाडच्या खोल्यांना कुलूप राही.

या वर्षी जिलेबी झाली. तात्यासाहेब उठले, घसा साफ केला आणि मला मोकळं करा, असं म्हणाले. मग ते थांबले.

कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी झेंड्याकडे. शेवटी सोनाजी उठला. सोनाजी हा कॉलनीचा नवा सेक्रेटरी, वाळूजच्या कारखान्यात सुपरवायझर, शब्दाला पक्का आणि कामाला वाघ. तो म्हणाला, तात्यासाहेबांनी फार केलं, त्यांच्या इच्छेचा मान राखणं आपलं कर्तव्य आहे. कारखान्यात दुसऱ्या पाळीचा माणूस आला, की पहिल्या पाळीच्या माणसाला आपण थांबवतो का? त्याला हात धुऊन घरी जाऊ देतो. दसऱ्यानंतरच्या रविवारी आपण तात्यासाहेबांचा जाहीर सत्कार करू, आणि बाग पुढं मी स्वतः बघेन. टाळ्या पडल्या. तात्यासाहेबांनी मान हलवायला सुरुवात केली होती, ती तशीच हलत राहिली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करत. तात्यासाहेब प्रत्येकाला एक संधी देत. सोनाजीला तीन पाळ्यांत वेळ कसा मिळणार, असं सहज म्हणून बघत. किंवा बकुळीला माझ्याच हाताची सवय, असं बोलून पुढच्याच्या तोंडाकडे पाहत. लोक म्हणत, आता तुम्ही मस्त आराम करा. पूर्वी ज्यांनी बागेतल्या एका बाकासाठी त्यांच्याशी भांडण केलं होतं, ते आता त्यांच्या तब्येतीची काळजी करत होते. फाटकावर मोठा फ्लेक्स लागला. त्यात तात्यासाहेबांचे केस काळे केले होते आणि मागं कुठल्यातरी परदेशी बागेतली ट्यूलिपची फुलं होती.

आता एकच आशा होती, सत्काराचा दिवस. आज ना उद्या कुणाच्या तरी तोंडून निघेलच, की जाऊ नका. मग दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा हात वर करायचे. ते मनात घोकत बसले.

रविवारी सकाळी ते धोतर नेसून बाहेर आले, तर ओसरीत चतुराबाई वळकटी बांधत होत्या. शेजारी पत्र्याची पेटी, पाण्याची घागर, पीठ-मीठ, सगळं मांडलेलं. पुंजाराम दुपारी येईल, असं त्या म्हणाल्या. पुंजाराम म्हणजे त्यांचं शेत बटईनं करणारा गडी. तो रविवारी टेम्पोतून जाधववाडीच्या बाजारात भाजी आणायचा आणि रिकामा परत जायचा.

तात्यासाहेबांनी विचारलं, की एवढी घाई कशाची, आधी सत्कार तर होऊ दे, लोक काय म्हणतात बघू.

"लोक कायी म्हणत नाय," चतुराबाई गाठ आवळत म्हणाल्या. "घरोघर जाऊन म्याच सांगितलं सगळ्यायला. सोनाजीला बी सांगितलं. म्हणलं, बाबा, दर साली ते मोकळं करा म्हणतेत, अन् तुम्ही आग्रह करकरून अडकवून ठेवता. घरी येऊन लई हळहळतेत. ह्या साली कुणी तोंड उघडू नका. समदे हो म्हणले. चांगली माणसं हायेत."

तात्यासाहेबांच्या डोक्यात तिडीक गेली. ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर पेटीत गेली. त्यांचा उन्हात घालायचा सदरा, त्यांचा जुना चष्मा, त्यांची कवळी ठेवायची वाटी. आणि सगळ्यांत वर, पोत्याच्या तुकड्यात नीट गुंडाळलेलं त्यांचं खुरपं. या बाईनं त्यांचा प्रत्येक सुस्कारा खरा धरला होता. आपला नवरा लोकांच्या तावडीत सापडलाय, असं समजून ती इतकी वर्षं त्याच्यावर दया करत होती, आणि शेवटी बिचारी उंबरे झिजवून त्याला सोडवून आली होती. तात्यासाहेबांना लाज वाटली. लोकांना दाखवायची नव्हे, आतून पोळणारी.

"येता ना मग?" चतुराबाईंनी विचारलं.

"येतो," तात्यासाहेब म्हणाले. एका शब्दात, आढेवेढे न घेता. असं उत्तर त्यांनी उभ्या जन्मात कुणाला दिलं नव्हतं, आणि देऊन त्यांना हलकं वाटलं.

कडुनिंबाखाली मांडव घातला होता. अध्यक्षस्थानी नानासाहेब, कॉलनीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ. त्यांनी सांगितलं, की ज्या झाडाच्या सावलीत आपण बसलोय, ते तात्यासाहेबांनी स्वतःच्या हातानं लावलं. कडुनिंब कॉलनीच्या आधीपासून तिथं होता, पण तात्यासाहेबांनी हरकत घेतली नाही. ज्याच्या मुलाचा पतंग त्यांनी दोनदा फाडला होता, तो त्यांच्या मुलांवरच्या प्रेमाबद्दल बोलला. ज्याच्या स्कूटरची हवा सोडली होती, त्याला त्यांचा शांत स्वभाव आठवला. शाल झाली, नारळ झाला. एरवी या स्तुतीनं ते फुलून गेले असते. आज त्यांना ती कुणा दुसऱ्याबद्दल चालली आहे असं वाटत होतं, आणि मन करमाडच्या खोलीपुढच्या ओट्यावर कोणतं झाड लावावं, याचा विचार करत होतं.

ते बोलायला उठले. पहिल्या रांगेत चतुराबाई दसऱ्याची नवी साडी नेसून बसल्या होत्या. कॉलनीच्या कार्यक्रमाला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. तात्यासाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले, मला मोकळं केलंत, चांगलं केलंत, असं म्हणाले, आणि खाली बसू लागले. तेवढ्यात मागून साळूबाई उठली.

साळूबाईचं दुःख खरं होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं. तात्यासाहेब बागेत किती वाजता येतात, चहाला कधी घरी जातात, देवपूजेला किती वेळ घेतात, हे सगळं तिला पाठ होतं. त्या वेळा सांभाळून तिचे देव आजवर फुलांत न्हात होते. आता येणार सोनाजी, त्याची दर आठवड्याला पाळी बदलणार. तो पहाटे उगवेल की दुपारी, याचा अंदाज बांधायचा कसा? विचार करकरून तिचे डोळे भरून आले होते.

"तात्या, तुम्ही जाऊ नका," ती म्हणाली. "तुमच्याबिगर ह्या बागंला बाग कोण म्हणंल?" आणि पदर डोळ्यांना लावला.

लोकांनी चतुराबाईंना दिलेला शब्द मोठ्या कष्टानं पाळला होता. ज्या गावात पाहुण्याला चहासुद्धा नको म्हणू देत नाहीत, तिथं एवढा मोठा माणूस मला जाऊ द्या म्हणतो आणि सगळे गप्प बसतात, हे त्यांना आतून खटकत होतं. साळूबाईनं बांध फोडला आणि मांडवभर गलका झाला.

तात्यासाहेब म्हणाले, "नाही."

ते खरं नाही होतं. पण तसं नाही लोकांनी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं, की सगळे खूश झाले. आता कुठं कार्यक्रम रुळावर आला. गलका वाढला. सोनाजीही गोंधळला. एवढ्या लोकांची इच्छा असेल तर माझी काही हरकत नाही, असं तो माइकवर म्हणाला.

तात्यासाहेबांनी चतुराबाईंकडे पाहिलं. त्या निवांत बसल्या होत्या, ज्याचं उत्तर सकाळीच मिळालंय त्याची काय काळजी, अशा. तात्यासाहेब मोठ्यानं म्हणाले, "नाही. माझं ठरलंय. आम्ही आज करमाडला चाललो." मागं कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, की यंदा तात्यासाहेब चांगलेच ताणतायत.

मग नानासाहेब काठी टेकत खुर्चीवरून उठले, तात्यासाहेबांपुढं आले आणि त्यांनी काठी काखेत धरून हात जोडले. तात्यासाहेबांच्या जिभेवर नाही तयार होतं. समोर नानासाहेबांच्या खांद्यावरून त्यांना बकुळ दिसत होती, खाली फुलांचा सडा पडला होता, सकाळपासून कुणी झाडला नव्हता. त्यांचे दोन्ही हात वर गेले.

"तुमचा एवढाच आग्रह असेल," ते म्हणाले, आणि पुढचं टाळ्यांत बुडालं.

हे सवयीनं झालं की मनानं, ते त्यांनाही कधी सांगता आलं नसतं. खरं एवढंच, की त्या क्षणी त्यांना आनंद झाला, आणि तो इतका मोठा होता, की पहिल्या रांगेकडे बघायचं राहून गेलं. निवृत्तीची शाल आता काढायची की ठेवायची, हे कुणालाच कळेना, म्हणून त्या शालीवरच आणखी एक हार घातला. फोटो झाले. तात्यासाहेबांनी पाहिलं, तेव्हा पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती.

ते हार-शालीसकट घरी आले. दारात टेम्पो उभा होता. पुंजाराम वळकटी चढवत होता. पेटी आधीच चढली होती, पण त्यांचा सदरा, चष्मा, वाटी आणि खुरपं काढून खाटेवर ओळीनं ठेवलं होतं. चतुराबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता, तर तात्यासाहेबांना काहीतरी करता आलं असतं.

ते म्हणाले, की नानासाहेबांसारख्या माणसानं हात जोडले, त्यांच्यापुढं इलाज चालला नाही.

"बघितलं म्या," चतुराबाई म्हणाल्या. वरण झाकून ठेवलंय, भाकरी दुरडीत आहेत, नळ आला तर आधी पिण्याचं भरा, असं त्यांनी सांगितलं.

"आणि तू?"

"म्या तर जाते म्हणले होते ना," त्या म्हणाल्या आणि पुंजारामच्या शेजारी जाऊन बसल्या.

तात्यासाहेब टेम्पोच्या दाराशी उभे राहिले. आता त्यांना बाग नको होती, हार नको होता. आत एवढंच चाललं होतं, की हिनं एकदा 'चला' म्हणावं. आहे तसे, पायातल्या चपलांसकट ते चढले असते. ते म्हणाले, तिथं संध्याकाळी गार पडेल. चतुराबाई म्हणाल्या, गोधडी घेतली आहे. ते म्हणाले, एकटीला करमेल का. त्या म्हणाल्या, करमंल. पुंजारामनं किल्ली फिरवली. तात्यासाहेबांनी दारावरचा हात काढला नाही.

चतुराबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. एक गोष्ट माणसाला दुसऱ्यांदा विचारायची त्यांना सवय नव्हती. तरी त्यांनी विचारलं.

"येता का?"

तात्यासाहेबांचा जीव एकदम भांड्यात पडला. डोळे भरून आले, तोंडभर हसू आलं, धोतराचा सोगा सावरायला एक हात खाली गेलाही.

"नको नको," ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं."

चतुराबाईंनी मान डोलावली आणि पुंजारामला गाडी काढायला सांगितलं.